सोळा वर्षांचा खंड

लॅमिनेशनच्या मशीनला एक वास असतो. तापलेल्या प्लास्टिकचा, थोडा गोडसर, थोडा करपट. सुट्टीत घरी आले आणि औंढ्याच्या आमच्या फोटो स्टुडिओत पाऊल टाकलं की तो नाकात शिरतो आणि माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. खरं तर आता काही कारण उरलेलं नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी दंत महाविद्यालयात प्रवेश घेतला, परवा दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आले. तरी पोटाला ते पटत नाही. ते आपलं विचारतंच, सगळे कागद घेतलेस ना?

हळद शिजवायचा जसा एक मोसम असतो, तसा आमच्याकडे कागदांचाही असतो. बारावीचा निकाल लागला की तो सुरू होतो आणि पोळ्याच्या पुढे कुठेतरी संपतो. त्या दिवसांत नागनाथाला आलेल्या भाविकांपेक्षा फाइल घेतलेली पोरंच गल्लीत जास्त आहेत की काय, असं मला उगाच वाटतं. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, रहिवासी, उत्पन्न, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत. पावसाची सर आली की फाइल शर्टाच्या आत जाते आणि पोरगं भिजतं. सोबत बाप असतो. त्याला विचारावं, छत्री नाही का आणली? तर तो म्हणतो, “आणली व्हती ताई, तहसीलमधी इसरली.” मोसमाच्या शेवटी तहसील कचेरीत किती छत्र्या जमत असतील कोण जाणे.

आता स्टुडिओ माझी जाऊ कविता सांभाळते. मी खुर्चीवर बसून आयता चहा पिते आणि दुसऱ्यांची लेकरं घाबरलेली पाहते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. त्यांच्या भीतीचा आनंद नाही, पण ती भीती आपल्यावरून गेली आणि आपण शिल्लक राहिलो, याचा आहे. ताप उतरल्यावर घामेजलेलं अंग वाऱ्याला धरावं, तसं काहीतरी.

माझा ताप सुरू झाला तो हिंगोलीच्या एका दातांच्या डॉक्टरांमुळे. शाळांमधून मुलांचे दात तपासायचं शिबिर होतं आणि त्यांना दातांचे फोटो हवे होते. तोवर मी माणसांची मिटलेली तोंडंच पाहत आले होते. फोटोला बसलेल्या माणसाला ‘हसा’ म्हटलं की आमच्याकडे ओठ आणखी घट्ट होतात. कुणाला मिश्रीनं काळवंडलेल्या हिरड्या लपवायच्या असतात, कुणाला पडलेला दात. त्या शिबिरात पहिल्यांदा मी उघड्या तोंडांसमोर कॅमेरा धरला. काही लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, बोअरच्या पाण्यानं पडलेले. असे पट्टे मी लग्नाच्या फोटोंतून किती वेळा पुसले होते! कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. नवरी खूश, सासर खूश, आणि घरी गेल्यावर आरशात पट्टे जागच्या जागी. डॉक्टर मात्र एका पोरीच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला होता तिथे खरंच काहीतरी भरत होते. थर द्यायचा, उजेड मारायचा, घासायचं, पुन्हा थर. पोरीनं आरशात पाहिलं आणि हात तोंडावर नेला, मग हळूच खाली घेतला. मी तो फोटो काढायचाच विसरले.

निघताना डॉक्टर म्हणाले, “ताई, तुमचा हात अजिबात हलत नाही. आमच्या लायनीत पायजे होतात.”

“आता कुठं डॉक्टर,” मी म्हटलं. असं म्हणायचीच पद्धत असते.

त्याच वर्षी नरसी गावची एक मुलगी वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला आली. फोटोबरोबर ऑनलाइन अर्जही आम्हीच भरून देतो. तिचा बाप माझ्या मागे उभा राहून पडद्याकडे पाहत होता. मी माहितीपुस्तिका खाली सरकवत होते आणि एका ओळीवर थांबले. वयाची कमाल मर्यादा नाही. का कोण जाणे, मी ती मोठ्यानं वाचली.

“मंग तुमीच भरा की ताई,” तिचा बाप म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. मीच जरा जास्त वेळ हसले.

माझी बारावी विज्ञानाची होती, जीवशास्त्रासकट. मग लग्न झालं, पुस्तकं माहेरच्या बंजारा तांड्यावर कुणाला तरी दिली आणि मी कॅमेरा शिकले. त्या ओळीनं मात्र मला महिनाभर छळलं. शेवटी एका दुपारी मी भाकरी घेऊन शेतावर गेले. माझे यजमान विलास हळदीला पाणी देत होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला त्या दिवशी पाणी होतं, म्हणजे माणूस खुशीत असायची शक्यता होती. मी सांगितलं. त्यांनी फावडं बांधावर टेकवलं.

“दातांचं?”

“हो. भरू का पुढच्या वर्षी अर्ज?”

“भर की. इचारून काहून राहिलीस?”

“एवढंच?”

“मंग काय, हलगी वाजवू?”

अटही मीच घातली, त्यांनी नाही. एकच वर्ष. लागलं तर लागलं, नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही. घर, सासूबाईंचं आजारपण, सातवीतली मुलगी, स्टुडिओ, हे सगळं एक वर्ष ओढता येतं, दोन नाही. हे मला बराबर ठाऊक होतं.

त्या वर्षाचं मला फारसं आठवत नाही, तुकडे आठवतात. पहाटे चारला उठणं. गिऱ्हाईक नसताना पांढऱ्या पडद्यामागे बसून पाठ केलेली मूलद्रव्यं. कणीक मळताना मुलगी प्रश्न विचारायची आणि माझं चुकलं की शाळेतल्या बाईंसारखा चष्मा नाकावर ओढायची. तिला चष्मा नव्हता, नुसतं बोट ओढायची. भौतिकशास्त्र मला तेव्हाही आलं नाही आणि आताही येत नाही. जे आलं ते परीक्षेला आलं, याला मी नागनाथाची कृपा म्हणते, विलास नशीब म्हणतात, आणि मुलगी म्हणते, मी घोकून घेतलं म्हणून.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारात रखवालदारानं मला अडवलं. “मॅडम, पालकांनी तिकडं झाडाखाली थांबा. लेकरू कुठंय तुमचं?”

“घरी आहे. सातवीत,” मी म्हटलं आणि हॉलतिकीट पुढे केलं. तो बिचारा इतका ओशाळला की माझी बाटली त्यानं स्वतः आत नेऊन दिली. वर्गात पर्यवेक्षकांनी हॉलतिकीट घेतलं, जन्मतारीख वाचली, पुन्हा वाचली, माझ्याकडे पाहिलं. त्यांचं सगळं लक्ष त्या तारखेत अडकलं. फोटोकडे त्यांनी पाहिलं असतं तर माझी पुढची गोष्ट तिथेच, बहुधा वाईट, संपली असती.

निकाल लागला, गुण बेताचे पण पुरण्यासारखे आले, आणि दुसऱ्यांचे कागद करणारी मी स्वतःच्या कागदांमागे लागले. त्यात एक असतं खंडाचं प्रतिज्ञापत्र. शिक्षण मध्ये थांबलं असेल तर किती काळ आणि का, ते शपथेवर सांगायचं. हिंगोलीत कचेरीबाहेर टाइप करून देणारे एक चाचा बसतात, त्यांच्याकडे गेले.

“खंड किती?”

“सोळा.”

“महिने?”

“वर्षं.”

त्यांची बोटं थांबली. मग ते समजूतदारपणे म्हणाले, “कारण घरगुती अडचण टाकतो. समदे तेच टाकतात. तकलीफ न्हाई.”

मला त्या शब्दाचा राग आला. सोळा वर्षांत माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी स्टुडिओ उभा केला, अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटो काढले. यातलं अडचण नेमकं काय? मी म्हटलं, “चाचा, छायाचित्र व्यवसाय असं लिहा.” जागा थोडी होती, त्यांनी अक्षर बारीक करून ते बसवलं. त्या दोन शब्दांवर माझं सगळं टांगलं जाणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेवटच्या फेरीत माझं नाव लागलं. कॉलेजचं गाव सांगत नाही, तिथल्या लोकांना मला अजून तीन वर्षं तोंड दाखवायचंय. औंढ्याहून दोन तासांवर आहे, परभणीच्या बाजूला. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कागद तपासून प्रवेश पक्का करायचा, नाही तर जागा गेली. फेरी शेवटची, वर्षही शेवटचं. मी एकटीच गेले. सगळे कागद क्रमानं लावलेले, प्रत्येकाच्या तीन प्रती, वर यादी. माझ्यासारखी तयारी त्या रांगेत कुणाचीच नव्हती आणि मला त्याचा गर्व होता. आधीच सांगून ठेवते, गर्वाचं घर खाली.

खिडकीवरच्या कारकुनानं तंदुरुस्तीचा दाखला उचलला. त्यात डॉक्टरांनी ओळखीची खूण लिहिली होती: हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. त्यानं माझ्या हनुवटीकडे पाहिलं. ठिपके होते. मग अर्जावरच्या फोटोकडे पाहिलं.

“मॅडम, यात कुठंय गोंदण?”

मी वाकून पाहिलं. फोटोतली हनुवटी कोरी होती.

तांड्यावरच्या मुली फोटो काढायला यायच्या तेव्हा लाजत सांगायच्या, “ताई, हे गोंदण तेवढं काढून टाका ना, कालेजात हसतात.” मी काढून द्यायचे. वर्षानुवर्षं. पुटकुळी दिसली की पुसायची, डाग दिसला की पुसायचा, गोंदण दिसलं की पुसायचं. हात आपोआप जायचा, दाराची कडी लावायला जातो तसा. स्वतःचा फोटो मी स्वतःच काढला होता, टायमर लावून, आणि गिऱ्हाईकाचा साफ करते तसाच साफ केला होता. आणि ‘सगळीकडे एकच फोटो लावा रे’ असं ज्या पोरांना मी दरवर्षी बजावते, त्यांच्यापेक्षा मी शहाणी. अर्जावर तोच, हॉलतिकिटावर तोच, प्रवेशाच्या कागदावर तोच. सगळे फोटो एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. मी तेवढी कुणाशीच जुळत नव्हते. आधारवरच्या फोटोचा तर प्रश्नच नव्हता, त्यात मी आहे की माझ्या सासूबाई हे देवही सांगू शकला नसता.

मला आतल्या खोलीत बसवलं. तपासणीच्या प्रमुख एक प्राध्यापक मॅडम होत्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असतील. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “परीक्षेला तुम्हीच बसला होतात?”

तोतया बसवल्याच्या गोष्टी मीही ऐकल्या होत्या. आपल्याला कुणी असं विचारेल, हे स्वप्नातही नव्हतं. म्हटलं, “मीच बसले होते मॅडम. फोटोतलं गोंदण मीच पुसलंय.”

“का?”

“सवयीनं.”

हे उत्तर किती खोटं वाटतं ते मला बोलताबोलताच कळलं. त्यांनी माझी फाइल पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतली. पंखा फिरत होता, भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. प्रतिज्ञापत्रावर त्या थांबल्या.

“छायाचित्र व्यवसाय. सोळा वर्षं?”

“हो. सोळा वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरचं पुसते आहे. माझं कधी पुसलं ते कळलं नाही.”

त्यांनी अर्जावरचा फोटो पुन्हा समोर घेतला. मग म्हणाल्या, “मूळ फोटो असेल ना? न पुसलेला?”

होता. मी एकही मूळ फोटो फेकत नाही, यावरून घरी माझी चेष्टा होते. पण तो होता औंढ्याला, आणि नेमकी कविता माहेरी गेलेली. मी विलासना फोन लावला. ते शेतातून तसेच चिखलाच्या पायांनी स्टुडिओत गेले. कॉम्प्युटर कुठे सुरू होतो, एवढंच त्यांना माहीत. पुढचा अर्धा तास मी त्या मॅडमांसमोर फोन कानाला लावून नवऱ्याला कॉम्प्युटर शिकवत होते.

“इथं तर समद्या जगाची तोंडं हायेत गं,” ते म्हणत होते. “हा कोण, मिशीवाला?”

“तो नका बघू. खाली या. माझ्या नावाची पिवळी पेटी दिसते का?”

“थांब. व्हय. तूच हायेस.” मग जरा वेळानं, हळू आवाजात, “हायेत. तीन ठिपके. मोजले मी.”

पडद्याचा फोटो काढून त्यांनी मोबाइलवर पाठवला. कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याची सावली होती. मॅडमांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तीच साडी, तीच पिन, कानामागून सुटलेली तीच बट. मग भिंग मागवून हॉलतिकिटावरचा अंगठा आणि माझा अंगठा ताडून पाहिला. माझ्याच हातानं सगळी हकिगत लिहून घेतली, दोघा सहकाऱ्यांना दाखवली, आपापसात बोलल्या. साडेचार होऊन गेले होते. मी जन्मात एवढे देव आठवले नव्हते. शेवटी त्या सही करता करता म्हणाल्या, “इथे पेशंटच्या तोंडाचे फोटो काढावे लागतील. त्यातलं काही पुसायचं नाही हं.”

कारकुनानं तिथल्या तिथे कॅमेऱ्यानं माझा नवा फोटो काढला. तो माझ्या ओळखपत्रावर आहे. डोळे सुजलेले, बटा उडालेल्या, हनुवटीवर तीन ठिपके. असा फोटो मी दिला असता तर गिऱ्हाईकानं माझ्या तोंडावर फेकला असता.

आज सकाळीच एक मुलगी स्टुडिओत आली होती. कविता जेवायला गेली होती म्हणून मी उठले. फोटो काढला तशी मुलगी म्हणाली, “ताई, पिंपल काढता ना?” मी म्हटलं, “परीक्षेच्या फोटोला आम्ही हात लावत नाही. लग्नाच्या वेळी ये, चंद्रासारखी करून देते.” ती रुसली. तिला काय सांगणार? मला तिचा राग आला नाही, मला तिच्या वयाची मी दिसले.

त्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून मी पहिला फोन घरी केला, दुसरा आईला. आम्ही आईला याडी म्हणतो. ती तांड्यावरच असते. प्रवेश झाला म्हटल्यावर ती फोनवरच मोठ्यानं नागनाथाला हाका मारायला लागली. मग मी तिला गोंदणाचं सांगितलं. सात वर्षांची असताना औंढ्याच्या जत्रेत तिनंच ते गोंदवून घेतलं होतं, माझं डोकं मांडीवर धरून.

“काहून पुसलंस?” तिनं विचारलं.

“सवय गं याडी.”

“मला वाटलं, तुला लाज वाटती.”

“वाटायची,” मी म्हटलं. “शाळेत लई वाटायची. आता न्हाई.”

“मंग बरं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आणि मग मी त्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांदेखत, मनसोक्त रडले. इतक्या वर्षांत हे आम्ही एकमेकींना विचारलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. श्रावणातला सोमवार, गाडी नागनाथाच्या दर्शनाला निघालेल्या लोकांनी भरलेली. कुणाच्या तरी पिशवीतून बेलाचा वास येत होता. फाइल मी पोटाशी धरली होती. जिंतूर आल्याचं मला आठवतं. बाहेर सोयाबीन हिरवंगार होतं आणि उतरतं ऊन पडलं होतं. आता काही करायचं नाही, असं मनात आलं. कुठे जायचं नाही, काही पाठ करायचं नाही, कुणाला काही पटवायचं नाही. एवढंच आठवतं.

“ओ मावशी, उठा. शेवटचा स्टॉप.” वाहक खांदा हलवत होता.

मी दचकून फाइल चाचपली. “औंढा आलं?”

“औंढा कवाच गेलं. हिंगोली हाय ही.”

मी खाली उतरले. हिंगोलीच्या बसस्टँडवर दिवे लागले होते. परत जायची गाडी कधी आहे ते विचारायला मी वळले आणि समोर मोटारसायकलला टेकून विलास उभे. पायांवर शेतातला चिखल तसाच, वाळून पांढरा झालेला.

“तुम्ही इथं कसे?”

“औंढ्याला घ्यायला आलो व्हतो. गाडी थांबली. पाहतो तर तू खिडकीला डोकं लावून गाढ झोपलेली.”

“मग उठवायचं ना!”

“हात वर केला व्हता काचेवर मारायला,” ते म्हणाले. “पण वर्षभरात तुला अशी झोपलेली पाहिलं नव्हतं. मंग म्हटलं, हिंगोलीपर्यंत झोपू द्यावं. आलो गाडीच्या मागं मागं.”